खुर्च्या चार, आरसे तीन, गिऱ्हाईक-वही एक

दिवाळी झाली आणि एक मुलगी कागद घेऊन माझ्याकडे आली. मी छोट्या दुकानांचे जमाखर्च लिहिते, जीएसटीची रिटर्न भरते. बेळगावात टिळकवाडीतल्या घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकलंय, तेच ऑफिस. या मुलीनं शहापुरातलं एक चालतं पार्लर घ्यायचं ठरवलं होतं. जुन्या मालकीणबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणते. नवऱ्याची बदली झाल्यामुळं त्या पुण्याला निघाल्या होत्या. दोघींनी बसून यादी केली होती: हायड्रॉलिक खुर्च्या चार, आरसे तीन, फेशियलचा बेड एक, स्टीमर एक, एसी एक. आणि शेवटच्या ओळीत 'गिऱ्हाईक-वही व मोबाईल, सिमसकट'. त्या ओळीपुढची रक्कम वरच्या सगळ्या सामानाच्या बेरजेपेक्षा मोठी होती.

"वहीला एवढे?"

"मॅडम, सामान काय, खडेबाजारात मिळतंय की. गिऱ्हाईक कुठं मिळतंय?"

तिचं काही चुकत नव्हतं. तरी त्या ओळीवर माझं पेन थांबलं, कारण त्या वहीत मीही होते. गेली अकरा वर्षं मी अक्कांकडेच जाते. माझं पान मलाच न विचारता विकलं जात होतं, आणि त्या विक्रीचा कागद तपासायला माझ्याचकडे आला होता.

त्याच सुमाराला, नोव्हेंबर २०२५ मध्ये, केंद्र सरकारनं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचे नियम अधिसूचित केले. बातम्यांमध्ये सगळं बँका, मोबाईल कंपन्या आणि मोठमोठ्या ॲपबद्दल. हा कायदा आपल्या गल्लीतल्या पार्लरलाही लागू होतो, हे कुणी सांगितलंच नाही. म्हणून हा लेख.

वहीत असतं तरी काय?

पुरुष वाचकांना वाटेल, पार्लरच्या वहीत असून असून काय असणार? नाव, नंबर, आयब्रोचे पैसे. तर ऐका. माझ्या पानावर काय असेल ते मी आठवून पाहिलं. फोन नंबर, वाढदिवस, लग्नाची तारीख (त्या दिवशी दहा टक्के सूट असते). काळा डाय चालत नाही, एकदा कपाळावर पुरळ उठून डोळे सुजले होते. थायरॉईडची गोळी चालू आहे, म्हणून केस गळतात. मुलगी पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला आहे, हनुवटीवरच्या केसांसाठी डॉक्टरांकडे नेते. हे सगळं मी स्वतःच सांगितलंय, बेडवर डोळे मिटून, तोंडावर पॅक असताना.

हे झालं लिहिलेलं. न लिहिलेलं याच्या तिप्पट असतं. कुणाला दिवस गेलेत हे सासरी कळायच्या आधी पार्लरमध्ये कळतं, कारण ती म्हणते, 'अक्का, या वेळी ब्लीच नको.' कुणाकडे मुलगी बघायला पाहुणे येणार हे नातेवाइकांच्या आधी पार्लरला ठाऊक असतं. कोण माहेरी परत आली, कोण दर तीन आठवड्यांनी पांढरे केस लपवते, कुणाच्या पाठीवर कसला डाग आहे. डॉक्टरला पाच मिनिटं मिळतात, पार्लरला तास-दीड तास मिळतो.

आणि आपलं गाव केवढं? पुण्या-मुंबईत पार्लर बदललं तर नवी मालकीण कोण, कुठली, कुणाला पत्ता. बेळगावात ती तुमच्या जावेची मावसबहीण निघते. निपाणी, खानापूर, संकेश्वरात तर निघतेच निघते. मोठ्या शहरात माहिती फुटली तर जाहिरातींचा त्रास होतो. इथं फुटली तर सोयरिक मोडू शकते. आपल्याकडचा धोका नेमका तिथं आहे, आणि तो मोठ्या शहरात बसून लिहिलेल्या लेखांत सापडत नाही.

आधी दोन-तीन शब्द समजून घेऊ

कायद्याचं नाव डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३. त्याची मुळं एका निकालात आहेत. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो खटला ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयातले निवृत्त न्यायाधीश. एवढं आपल्या राज्याचं श्रेय नोंदवून पुढं जाऊ.

ज्या माहितीवरून माणूस ओळखता येतो ती वैयक्तिक माहिती. ती ज्या व्यक्तीची आहे तिला मी इथं 'धनीण' म्हणेन. ती माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो त्याला कायद्यात मोठं अवघड नाव आहे, आपण 'राखणदार' म्हणू. अक्का राखणदार, मी धनीण. राखणदार हा मालक नव्हे. लेखातलं पुढचं सगळं या एका फरकावर उभं आहे.

तिसरा शब्द 'संमती'. कायद्याला चालणारी संमती कशी? ती मोकळेपणानं दिलेली, नेमक्या कामापुरती, समजून-उमजून, कसलीही अट न लादता घेतलेली आणि स्पष्ट कृतीतून दिसणारी असावी लागते. गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. 'मुलगी लाजली म्हणजे पसंत आहे' हा आपला जुना हिशेब इथं चालत नाही.

नंबर दिला म्हणजे काय दिलं?

शेजारीण तुमच्या घराची किल्ली ठेवून घेते, तुम्ही गावाला गेलात की तुळशीला पाणी घालते. उद्या ती घर बदलून गेली आणि जाताना तुमची किल्ली नव्या भाडेकरूला देऊन म्हणाली, 'पाणी आता या घालतील, चांगल्या आहेत', तर? नवी बाई देवमाणूस असेल, पाणीही वेळेवर घालेल. तरी तुम्ही आधी कुलूप बदलाल.

कायद्यातही असंच एक उदाहरण आहे, औषधाच्या दुकानाचं. गिऱ्हाइकानं पैसे भरले आणि पावती मोबाईलवर पाठवा म्हणून आपणहून नंबर दिला. दुकानदार तो नंबर पावती पाठवायला वापरू शकतो. त्यासाठी वेगळा संमतीचा कागद लागत नाही, कारण तिनं स्वतः त्या कामासाठी नंबर दिला आणि नको असं म्हटलेलं नाही. पण सवलत त्या कामापुरतीच. पार्लरमध्ये आपण नंबर देतो तो अपॉइंटमेंटसाठी, आणि अक्कांना. दुसऱ्या कुणी तो वापरायचा, तर ते नवं काम आहे आणि राखणदारही नवा आहे. मग विचारणंही नव्यानं आलं.

म्हणजे धंदा विकताच येत नाही का?

विकता येतो की. जागेचा करार, खुर्च्या, पाटी, नाव, इतक्या वर्षांचं गुडविल, सगळं विकता येतं. गुडविल म्हणजे लोकांची पावलं सवयीनं त्या पायरीकडे वळतात ती ओढ. तिची किंमत लावणं रीतसर आहे, माझ्यासारखे लोक ती लावतात. पण पाऊल वळणं वेगळं आणि पायाला दोरी बांधून ओढून आणणं वेगळं. मी त्या पायरीवर सवयीनं गेले तर तो नव्या मालकिणीचा फायदा, तिनं पैसे मोजलेत. माझं पान मात्र विकायच्या यादीत येत नाही.

इथं एखादा वकील म्हणेल, अहो, कंपन्या विलीन होतात तेव्हा लाखो ग्राहकांची माहिती जातेच ना इकडून तिकडं? जाते. कायद्यात त्यासाठी सूटही आहे. पण ती न्यायालयानं, न्यायाधिकरणानं किंवा कायद्यानं अधिकार दिलेल्या संस्थेनं मंजूर केलेल्या विलीनीकरणाच्या योजनेसाठी आहे. दोन बायकांनी शहापुरात चहा पिता पिता केलेल्या सौद्याला ती लागू होत नाही. आता हे लहानांवर अन्यायाचं आहे का? मला थोडं तसं वाटतं. बँका एकत्र झाल्या तेव्हा मला कुठं कुणी विचारलं होतं? पण तिथं निदान कुणीतरी कागद तपासून मंजुरी दिलेली असते. इथं तपासणारी मी.

फ्रँचायझीच्या साखळीतलं पार्लर असेल तर गणित वेगळं. माहिती बहुतेक वेळा वरच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये असते, चालवणारा बदलला तरी राखणदार बदलत नाही. कुणाशी तुमचा व्यवहार आहे ते बिलावर वाचा. आणि स्वतंत्र पार्लरनं अपॉइंटमेंटसाठी एखादं ॲप घेतलं असेल आणि त्या ॲपवाल्याकडून माहिती फुटली, तरी गिऱ्हाइकापुढं जबाबदार पार्लरच.

"आमची तर कागदाची वही. आम्हाला काय लागू?"

हा प्रश्न त्या मुलीनंही विचारला, आणि प्रश्न बिनतोड आहे. कायद्याच्या नावातच 'डिजिटल' आहे. निव्वळ कागदावर राहिलेली वही त्याच्या कक्षेत येत नाही. पण त्या वहीच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढला, नाव-नंबर फोनमध्ये सेव्ह केले, एक्सेलमध्ये टाइप केले, की त्या क्षणी ती माहिती डिजिटल झाली. आज नंबर फोनमध्ये न घालता गिऱ्हाइकाला निरोप देणारं पार्लर मला दाखवा.

खरं घोडं अडतं ते यादीतल्या दुसऱ्या शब्दांवर: 'मोबाईल, सिमसकट'. वहीपेक्षा ते कितीतरी जास्त गंभीर. कल्पना करा. नंबर तोच, व्हॉट्सॲपवर फोटो तोच, वर नाव 'अक्का पार्लर'. गिऱ्हाईक लिहिते, 'अक्का, मागच्यासारखंच करायचं, आणि घरी सांगू नका हं.' वाचणारी अक्का नाहीच. मागचे सगळे मेसेज तिच्यापुढं उघडे. वॅक्सिंगनंतर उठलेल्या पुरळाचे फोटो, नवरीचे मेकअपच्या आधीचे फोटो, 'ह्यांना कळू देऊ नका' म्हणून पाठवलेले पैसे. नव्या मालकिणीच्या मनात काही वाईट नसेलही. पण समोरची बाई ज्या माणसाशी बोलतेय असं समजते, तो माणूस तिथं नाही. यात फसवणुकीचा वास येतो, आणि कायद्याचं पुस्तक न उघडताही तो येतो.

शिवाय सिम ज्याच्या नावावर आहे, त्याच्यावर त्या नंबरावरून झालेल्या भानगडीचा पहिला संशय येतो. तेव्हा विकणाऱ्या बाईच्याही भल्याचं हेच की नंबर आपल्याकडे ठेवावा. पार्लरच्या नावानं नवा नंबर घ्यायला कितीसे पैसे लागतात?

"पण नोंदी दिल्या नाहीत तर तिची ॲलर्जी कळणार कशी?"

सगळ्या आक्षेपांत वजनदार आक्षेप हा. मला काळा डाय चालत नाही हे नव्या मुलीला ठाऊक नसेल आणि तिनं लावला, तर डोळे माझेच सुजणार. काळ्या हेअर डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं, काहींना त्याची जोरदार ॲलर्जी येते. मुरुमांसाठी रेटिनॉइडची क्रीम किंवा गोळ्या चालू असणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावर वॅक्स लावलं तर पट्टीबरोबर कातडीही निघू शकते. तेव्हा या नोंदी फालतू नाहीत.

पण ही माहिती द्यायला सगळ्यात योग्य माणूस कोण? मी. माझी ॲलर्जी मला ठाऊक आहे. नव्या मालकिणीनं पहिल्याच भेटीत विचारायचं: कसली औषधं चालू आहेत, पूर्वी काही उठलं होतं का, दिवस गेलेत का. आणि डाय लावण्याआधी दोन दिवस कानामागं किंवा कोपराच्या आतल्या बाजूला पॅच टेस्ट करायची. डायच्या खोक्यावरही हेच छापलेलं असतं, वाचत कुणी नाही. जुन्या वहीवर विसंबून टेस्ट न करणं उलट धोक्याचं. मागच्या वर्षी चाललेला डाय यंदा चालेलच असं नसतं, ॲलर्जी मधेच कधीही सुरू होते.

मला सगळ्यात आवडलेला उपाय एका जुन्या ब्युटिशियनबाईंचा आहे. त्या प्रत्येकीच्या नोंदीचं कार्ड करतात आणि काम थांबवताना ते कार्ड ज्या-त्या बाईच्या हातात देणार म्हणतात. दवाखाना बदलताना आपण फाईल घेऊन जातो तसं. तिला वाटलं तर नव्या पार्लरला दाखवेल, नाहीतर कपाटात ठेवेल.

कामावरची मुलगी बाहेर पडते तेव्हा

पार्लर विकण्यापेक्षा हा प्रकार आपल्याकडे जास्त घडतो. चार वर्षं शहापुरात काम केलेली मुलगी वडगावात स्वतःचं थाटते आणि जाताना नंबर घेऊन जाते. मालकीण चिडते, 'माझी गिऱ्हाइकं पळवली!'

इथं दोन गोष्टींची गल्लत होते. धंदा करायचा तिचा हक्क एक, आणि यादी नेणं दुसरं. 'सोडून गेलीस तर बेळगावात पार्लर टाकायचं नाही' असं नोकरीच्या कागदावर कुणी लिहून घेतलं असेल तर तो कागद सहसा टिकत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे कुणाला धंदा करण्यापासून अडवणारा करार रद्दबातल असतो. अपवाद आहे तो गुडविल विकणाऱ्याचा. ज्यानं गुडविल विकलं तो ठरावीक भागात तसलाच धंदा करणार नाही, असं ठरवता येतं, हद्द वाजवी असली म्हणजे झालं. म्हणजे अक्कांनी गुडविल विकलं, तर सहा महिन्यांनी त्यांनी परत येऊन समोरच्या गल्लीत पाटी लावू नये अशी अट घालता येते. कामावरच्या मुलीला तशी अट घालता येत नाही.

आणि यादी? मालकिणीच्या फोनमधून तीनशे नंबर उचलून नेले, तर ते तिला पार्लरच्या कामासाठी हाताळायला दिलेले होते, तिचे नव्हेत. पण एखाद्या गिऱ्हाइकानं आपण होऊन तिला विचारलं, 'तू आता कुठं बसतेस गं? नंबर दे', तर त्यात कुणाचं काहीच चोरीला गेलेलं नाही. गिऱ्हाईक म्हणजे दावणीची म्हैस नव्हे की कुणी सोडून नेली. मालकिणींना हे कडू लागतं, मला माहीत आहे. माझ्या पाच-सहा अशिलांची पार्लरं आहेत, त्यातली एक यावरून दोन महिने माझ्याशी बोलत नव्हती.

भागीदारी मोडली तर १९३२ चा भागीदारी कायदा जवळजवळ हीच रेघ ओढतो. गुडविल विकल्यावर जुना भागीदार, वेगळं काही ठरलं नसेल तर, स्वतःचा धंदा करू शकतो. पण जुन्या नावानं नाही, आणि जुन्या गिऱ्हाइकांना आपल्याकडे बोलावत फिरायचं नाही.

नवरीचे फोटो आणि पीयूसीच्या मुली

फोटोंचं थोडक्यात सांगते. अक्कांच्या इन्स्टाग्रामवर नवरीनं हौसेनं फोटो टाकू दिला, तो अक्कांचं काम दाखवायला. त्याच फोटोवर नव्या मालकिणीनं आपलं नाव घातलं तर दोन चुका होतात. नवरीची परवानगी नाही, आणि काम तिचं नव्हेच. चंदगड, गडहिंग्लजहून मेकअपला येणाऱ्या नवरीला वाटतं, नव्या मालकिणीच्याच हाताला ही सफाई आहे.

अठरा वर्षांखालच्या मुलींचं आणखी कडक आहे. कायद्याच्या लेखी अठरा पूर्ण होईपर्यंत ते मूलच. माहिती वापरायला पालकांची पडताळून घेतलेली संमती लागते, आणि मुलांना हेरून त्यांच्यासाठी जाहिराती पाठवायला मनाई आहे. पीयूसीच्या मुली सोळा-सतराच्या असतात. 'तुझ्या पिंपल्ससाठी खास ऑफर' असा मेसेज तिच्या फोनवर जाणं म्हणूनच वाईट.

मग रीतीनं करायचं कसं?

त्या मुलीला मी सांगितलं, यादी अक्कांकडेच राहू दे, निरोप त्यांनाच देऊ दे. आम्ही तिघींनी बसून मजकूर केला. मला वाटतं कुणालाही वापरता येईल:

'नमस्कार. येत्या १ तारखेपासून मी पार्लरचं काम थांबवते आहे. जागा तीच राहील, पण पार्लर दुसऱ्या ताई चालवतील. तुमचा नंबर आणि तुमच्या नोंदी मी त्यांना दिलेल्या नाहीत. फक्त नंबर द्यावा असं वाटत असेल तर "नंबर" लिहा. नोंदीही द्याव्यात असं वाटत असेल तर "नंबर, नोंदी" लिहा. काही कळवलं नाही तर महिनाअखेर मी तुमची नोंद काढून टाकेन. पॅकेजचे किंवा ॲडव्हान्सचे पैसे बाकी असतील तर मला फोन करा.'

यात तीन गोष्टी मुद्दाम आहेत. नंबर आणि नोंदी वेगळ्या ठेवल्यात, कारण कुणी एक देईल आणि दुसरं देणार नाही. गप्प बसणारीची माहिती पुढं जात नाही. आणि निरोप जुन्या नंबरावरून, ज्यांना ती ओळखते त्यांच्याकडून जातो. अनोळखी नंबरावरून 'आम्ही तुमचं पार्लर घेतलंय' असा मेसेज आला तर संमती मागायच्या आधीच माहिती गेलेली असते.

व्हॉट्सॲपवर सगळ्यांचा ग्रुप करून हे पाठवू नका. ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर प्रत्येकीला दिसतो, म्हणजे खाजगीपणाचा निरोप देताना खाजगीपणा गेला. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा. पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ब्रॉडकास्ट पोचतो, बाकीच्यांना एकेक करून पाठवावं लागतं.

लग्नाचं बुकिंग मात्र मेसेजवर सोडू नये. मार्गशीर्षातली नवरी आहे, हजारो रुपये ॲडव्हान्स भरलाय, तिला फोनच करायचा. नव्या बाईंकडून करून घेणार की पैसे परत हवेत, तिनं ठरवायचं.

'नोंद काढून टाकेन' यात बिलं येत नाहीत. जीएसटीत नोंदणी असेल तर हिशेबाचे कागद वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात, आणि दुसऱ्या कायद्यानं ठेवायला सांगितलेलं पुसा असं हा कायदा म्हणत नाही. ती बिलं अक्कांनी ठेवायची, नव्या मालकिणीला त्यांचा उपयोग नाही. तशीही वर्षाला वीस लाखांच्या आतली बरीचशी पार्लरं नोंदणीतच नसतात.

आणखी एक, खास आपल्या भागासाठी. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय गिऱ्हाइकाला द्यावा लागतो. त्या अनुसूचीत बावीस भाषा आहेत. कन्नड आहे, मराठी आहे, कोकणीही आहे. दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड हवं हा राज्याचा नियम वेगळा, तो पाटीपुरता. ही सूचना तुम्ही मराठीत मागितलीत तर मराठीतच मिळायला हवी, आणि शेजारच्या कन्नड बाईंना कन्नडमध्ये. कायदा केंद्राचा असल्यामुळं सीमेवरच्या शिनोळीच्या अलीकडं आणि पलीकडं सारखाच. एका तरी बाबतीत सीमेचा प्रश्न नाही म्हणायचा.

"साध्या पार्लरला अडीचशे कोटी दंड?"

हा आकडा ऐकून ती मुलगी पांढरी पडली होती. माहिती नीट सांभाळली नाही तर जास्तीत जास्त दंड २५० कोटी रुपये, हे खरं. पण तो कमाल आकडा आहे. दंड ठरवताना चूक किती गंभीर होती, किती काळ चालली, पुन्हा पुन्हा झाली का, नुकसान कमी करायला काय केलं आणि दंडाचा त्या व्यक्तीवर काय परिणाम होईल हे सगळं केंद्राच्या डेटा संरक्षण मंडळाला पाहावं लागतं. चार खुर्च्यांच्या पार्लरला कुणी बुडवायला बसलेलं नाही.

दुसरं, हे सगळं आजपासून लागू नाही. गिऱ्हाइकांशी संबंधित बहुतेक कलमं नियम आल्यापासून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये अंमलात येतात. तोवर मोकळं रान आहे असं मात्र समजू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०११ चे नियम आहेतच. त्यात आरोग्याची माहिती 'संवेदनशील' मानली आहे आणि करारात तसं आधी ठरलेलं नसेल तर ती दुसऱ्याला देण्याआधी परवानगी लागते. एकट्या मालकाचा धंदाही त्यात येतो.

नव्या कायद्याची एक गोष्ट मला खटकते, ती सांगते. दंड होईल तो सरकारी तिजोरीत जमा होईल. जिची माहिती फुटली, तिला त्यातला रुपयासुद्धा मिळणार नाही. जुन्या कायद्यात निष्काळजीपणामुळं नुकसान झालं तर भरपाई मागायची एक वाट होती, कलम ४३-अ. नवा कायदा पूर्ण लागू होताना ते कलम वगळलं जाणार आहे. सोयरिक मोडलेल्या मुलीला २५० कोटींच्या आकड्याचा काय उपयोग?

तुमच्या हातात काय?

ही कलमं अंमलात आली की तुम्ही विचारू शकता: माझी कुठली माहिती तुमच्याकडे आहे आणि ती कुणाकुणाला दिली? चुकीची असेल तर दुरुस्त करायला, नको असेल तर पुसायला सांगू शकता. दिलेली संमती काढून घेता येते, आणि काढणं हे देण्याइतकंच सोपं असायला हवं. आधी तक्रार पार्लरकडेच करायची, तिथं भागलं नाही तर केंद्राच्या डेटा संरक्षण मंडळाकडे. खोटी तक्रार करू नका, त्याला दहा हजारांपर्यंत दंड आहे.

एरवी रोजच्या त्रासावर साधे उपाय. जाहिरातीचे फोन आणि एसएमएस थांबवायला १९०९ वर डीएनडी नोंदवता येतं, पण व्हॉट्सॲपला ते लागू नाही. तिथं सेटिंगमध्ये 'ग्रुपमध्ये मला कोण घालू शकतं' याखाली 'माझे संपर्क' निवडून ठेवा.

त्या मुलीच्या यादीचं काय झालं? शेवटची ओळ खोडली. तिच्या जागी लिहिलं, 'विकणाऱ्या बाईंनी पंधरा दिवसांच्या आत आपल्या सर्व गिऱ्हाइकांना स्वतः निरोप द्यावा, व होकार देणाऱ्यांचीच माहिती घेणाऱ्या बाईंना द्यावी. मोबाईल व सिम विकणाऱ्यांकडे राहील.' मुलगी पेन फिरवत बसली. म्हणाली, "मॅडम, मग त्या ओळीचे पैसे कमी करायचे की नाही?" अक्का म्हणाल्या, "का म्हणून? पंचवीस वर्षं हात झिजवलेत मी." दोघींचंही मला पटत होतं, त्यामुळं मी चहा टाकायला आत गेले. बाहेर आले तोवर त्यांचं ठरलं होतं. गुडविलचे अर्धे पैसे आत्ता, उरलेले दोन महिन्यांनी, होकार किती आले ते मोजून. आणि पहिला महिनाभर दर शनिवारी अक्का स्वतः दुकानात बसणार, येणाऱ्या प्रत्येकीशी नव्या मुलीची ओळख करून द्यायला.

माझ्या फोनवर तो मेसेज परवा आला. मी 'नंबर' एवढंच लिहून पाठवलं. डायचं मी तिला जाऊन सांगेन.